तव्यावरची वाळू

दुसरा दिवस सगळ्यात वाईट.
पहिल्या दिवशी नुसती चाहूल,
जाळं लांब कुठेतरी खडकात अडकल्यासारखी.
दुसऱ्या दिवशी ते ओढायला लागतात.

दर्शिका न्हाणीच्या दारात वाकून उभी.
बारा सरून तेरावं लागलेलं,
गणवेशाची ओढणी अजून खांद्यावर,
ओठ पांढरे.
"आई, आतून कोणीतरी पिळतंय गं,
ओला टॉवेल पिळतात तसं."
हे शब्द मला नवे नव्हते.
मी ते कधी कोणाला बोलून दाखवले नव्हते,
एवढंच.

ओवा होता, चिमूटभर, डब्याच्या तळाला चिकटलेला.
गूळ मुंग्यांनी आधीच वाटून घेतलेला.
आल्याचं एक बोट सापडलं, ठेचलं,
पाण्यात टाकून उकळत ठेवलं.
पण काढा उतरेपर्यंत
पोरीनं काय धरून बसायचं?

रबरी पिशवी मिळते मेडिकलमध्ये,
काचेमागे, वरच्या फळीवर.
किंमत विचारली होती मागच्या साली, माझ्यासाठी.
मग समोरच्या गाडीवरून
दोन किलो कांदे घेऊन घरी आले.

तेव्हा मेहरुन्निसा आठवली.
काळबादेवीच्या किनाऱ्यावर आम्ही दोघी
सुकत घातलेल्या मासळीच्या राखणीला असायचो.
ती कुत्री हाकायची, मी कावळे.
अकराच्या उन्हात वाळू तापली की
ती ओढणी अंथरून सरळ पालथी पडायची.
"पड गे तूपण. दर्याला कसली लाज?"
मी पडले.
पोटाखाली ती काळी वाळू,
बारीक, जड,
घाई नसलेली तिची ऊब.
कावळा शिवला म्हणतात ना बाईला?
त्या दिवशी खरेच दोन आले, अगदी उशाशी,
मला मेलेली समजले असावेत,
आणि चांगले सुकलेले चार बोंबील
घेऊन गेले.

आता तर दिवेलागण झालेली,
किनाऱ्यावरची वाळू भरतीच्या खाली.
पण बरणीत होती थोडी,
दर्शिकानेच आणलेली, शाळेच्या प्रयोगाला.
फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक तिच्यात फिरवलं
की त्याला काळ्या मिशा फुटायच्या.
नर्सबाई म्हणाली होती, पोरीच्या रक्तात लोह कमी आहे.
मी म्हटलं होतं, बाई, आमचा अख्खा किनारा
लोखंडाचा आहे.
ती हसली नाही. गोळ्यांची पट्टी दिली,
आणि म्हणाली, दुखणं फार वाढलं तर घेऊन ये,
घरीच बसू नकोस.

तवा ठेवला. बरणी ओतली.
उलथन्यानं परतत राहिले,
रवा भाजतात तशी, मंद आचेवर.
मग तिच्याच शाळेच्या मोज्यात भरली,
तोंडाला गाठ मारली,
आधी माझ्या गालाला लावून बघितली,
मग तिच्या ओटीपोटावर ठेवली,
कपड्यावरून, कातडीला नको.

कोलंबीसारखी वळलेली पोर
हळूहळू सुटत गेली.
आधी बोटं. मग कपाळ.
मग गुडघे, जरा उशिरा.

काशिनाथ बंदरावरून आला.
"काय झालं हिला?"
"पाळी आलीय. दुखतंय."
हा शब्द त्याच्यासमोर मी पंधरा वर्षांत
पहिल्यांदाच सबंध उच्चारला.
त्यानं मोज्याकडे बघितलं,
तव्याकडे बघितलं,
आणि पाय धुवायला गेला, बराच वेळ.

त्याच तव्यावर भाकऱ्या टाकल्या.
दोनदा पुसला होता, तरी
पहिल्याच घासाला कचकन वाजलं.
"वाळू आहे यात."
"आहे," मी म्हटलं.
तो थांबला.
धाकटा बापाकडे बघत थांबला.
मग दोघंही चावायला लागले,
सावकाश, काटे असलेला मासा खातात तसे.
थुंकलं कोणी नाही.

आतून आवाज आला,
"आई, गार झाली गं."

मी अर्धी भाजलेली भाकरी उतरवून ठेवली.
ताटावरचा हात मागे घेत तो म्हणाला,
"आधी तिची होऊ दे."